ऑरगॅनिकची भीती आणि एन्व्हायर्नमेंटल सायन्स: काय धरायचं, काय सोडायचं

प्रश्न वाचला. बीएस्सी बॉटनी झालंय, आता एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्सला ॲडमिशन मिळालीये, बारावीत ऑरगॅनिकने रडवलं होतं, आणि आता सिनियर सांगतायत की ऑरगॅनिक पक्कं नसेल तर दुसऱ्या सेमला हाल होतात. मग सगळं पहिल्यापासून करावं लागेल का, असं विचारलंयस. वर एकाने लिहिलंय की काही गरज नाही, पर्यावरणात काय ते झाडं नि कायदे. त्यांच्याशी मी सहमत नाही. पण सगळं करावं लागतं हेही खरं नाही. मी स्वतः झूलॉजीवाला, पुढे बारा-तेरा वर्षं सांडपाण्याच्या लॅबमध्ये काढली, त्यामुळे लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बस.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. बारावीला आणि बीएस्सी केमिस्ट्रीला ऑरगॅनिक शिकवतात ते रेणू बनवायला. ह्याचं ते कसं करायचं, कुठला रिएजंट टाकायचा, यील्ड किती. आपल्याला काही बनवायचं नाहीये. कुणीतरी बनवलेलं नदीत, मातीत, हवेत येऊन पडलंय आणि ते कुठे जाईल, किती दिवस टिकेल, तुटलं तर त्याचं काय होईल, एवढं आपल्याला स्ट्रक्चर बघून सांगता यायला पाहिजे. विषय तोच पण प्रश्न उलटा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ग्रिन्यार आणि बाकीच्या नावांच्या रिॲक्शन घोकण्यात घालवलेला एक अख्खा उन्हाळा वाचला असता.

माझी फजिती सांगतो म्हणजे कळेल. नोकरीचे पहिले दिवस, पाण्याच्या सॅम्पलमध्ये पेंटाक्लोरोफिनॉल शोधायचं होतं (लाकडाला कीड लागू नये म्हणून लावायचे ते). सॅम्पल घेतलं, डायक्लोरोमिथेन हे सॉल्व्हंट टाकलं, सेपरेटिंग फनेल हलव हलव हलवलं, मशीनवर लावलं तर काहीच नाही. मुद्दाम टाकलेलं स्टँडर्डसुद्धा परत मिळेना, रिकव्हरी जवळपास शून्य. दोन दिवस मी मशीनला दोष देत बसलो. मग लॅबमधल्या सरांनी एकच विचारलं, "पीकेए किती रे त्याचा?" पीकेए म्हणजे ज्या पीएचला ॲसिड निम्मं आयन झालेलं असतं तो आकडा. साध्या फिनॉलचा पीकेए १० च्या आसपास, म्हणजे पीएच ७ च्या पाण्यात ते जवळजवळ सगळं न्यूट्रल असतं. पण रिंगवर पाच क्लोरीन बसवले की ते सगळे इलेक्ट्रॉन खेचतात, निगेटिव्ह चार्ज सांभाळला जातो आणि पीकेए पावणेपाचच्या आसपास येतो. म्हणजे त्याच पाण्यात ते आयन होऊन बसलेलं, आणि आयन कशाला पाणी सोडून सॉल्व्हंटमध्ये येईल? आधी ॲसिड टाकून पीएच २ वर आणायचा आणि मग काढायचं, इतकं सोपं होतं. इलेक्ट्रॉन असे खेचले जाणं म्हणजे इंडक्टिव्ह इफेक्ट, तो मी परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहिला होता, कळला त्या दिवशी.

तर पहिलं हे धर: इलेक्ट्रॉन कुठे खेचले जातायत, कुठे ढकलले जातायत. इंडक्टिव्ह, रेझोनन्स, ॲसिड-बेस. यात घाई करू नकोस, महिना गेला तरी चालेल.

दुसरं, फंक्शनल ग्रुप. पण प्रत्येक ग्रुप बघताना मेथड्स ऑफ प्रिपरेशन वाचूच नकोस, विचार की हा ग्रुप असला की रेणू पाण्याला ओढतो का चरबीला, आणि पाण्याने, उन्हाने किंवा बॅक्टेरियाने तुटायची कमकुवत जागा कुठली. पहिल्या प्रश्नासाठी एक आकडा आहे, लॉग केओडब्ल्यू, म्हणजे ऑक्टॅनॉल आणि पाणी एकत्र ठेवलं तर पदार्थ कुणाकडे किती पट जाईल त्याचा लॉग. बेंझीनचा २ च्या थोडा वर, म्हणजे शंभरेक पट. डीडीटीचा ६ च्या वर, म्हणजे दहा लाख पटीहून जास्त. असला पदार्थ पाण्यात सापडणारच नाही फारसा, तो गाळात नाहीतर माशाच्या चरबीत सापडेल, आणि मासा खाणाऱ्या पक्ष्यात त्याहून जास्त. रोज पाच रेणूंची चित्रं घे, अंदाज बांध, मग पबकेम या रसायनांच्या माहितीच्या वेबसाइटवर खरा आकडा बघ. फुकट आहे. पंधरा दिवसात अंदाज बरोबर यायला लागतात आणि खरं सांगतो, मजा येते.

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे कुठे तुटेल यासाठी, डीडीटी आणि मोनोक्रोटोफॉस ही दोन कीटकनाशकं शेजारी शेजारी काढून बघ. डीडीटीत कार्बन-क्लोरीन आणि दोन बेंझीन रिंग, पाण्याने सहज तुटेल असं काही नाही. बेस मिळाला तर एक एचसीएल निघून जातो आणि डीडीई होतं, सरळ एलिमिनेशन. पण हे डीडीई जास्तच चिवट, पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होण्याला मुख्यतः तेच जबाबदार. म्हणून रिपोर्टमध्ये "डिग्रेड झाले" असं वाचलंस की लगेच विचार, कशात झाले? आता मोनोक्रोटोफॉस. फॉस्फेट एस्टर, पाण्यात विरघळतं, एस्टर असल्याने हायड्रोलिसिस होतं, वर्षानुवर्षं साठत नाही. मग सुरक्षित का? अजिबात नाही. ज्या फॉस्फरसवर पाणी हल्ला करू शकतं, त्याच फॉस्फरसवर आपल्या नसांमधल्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज एन्झाइममधला सेरीनचा ओएच ग्रुप हल्ला करतो आणि एन्झाइम बंद पडतं. म्हणजे रेणू टिकत नाही त्याचं कारण आणि तो माणूस मारतो त्याचं कारण एकच. २०१७ ला यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने गेले, तेव्हाच्या बातम्यांत या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांची नावं सारखी येत होती. त्या बातम्या आणि न्यूक्लिओफिलिक सबस्टिट्यूशनचा (असाच हल्ला करून जागा घेण्याचा) धडा एका बैठकीत वाच, धडा परत विसरणार नाहीस.

स्टिरिओकेमिस्ट्री सोडली तर चालेल का असं विचारलंयस. मीही सोडली होती, पण आता म्हणेन की सायक्लोहेक्झेनची चेअर, म्हणजे सहा कार्बनच्या रिंगचा खुर्चीसारखा आकार, तेवढी कर. कारण सांगतो. आपल्याकडे जुन्या घरांत ढेकणांना, मुंग्यांना गॅमेक्झिन पावडर टाकायचे, शेतात बीएचसी म्हणायचे. नाव बेंझीन हेक्झाक्लोराइड, पण त्यात बेंझीनच नाही, ती सहा कार्बनची साधी रिंग, प्रत्येकावर एक क्लोरीन. क्लोरीन वर का खाली यावरून वेगवेगळे आयसोमर होतात, त्यातला किडे मारतो तो गॅमा, म्हणजेच लिंडेन, बाकीचे नुसतेच सोबत येतात. आता बीटा आयसोमरची चेअर काढ: सहाही क्लोरीन इक्वेटोरियल, म्हणजे रिंगच्या कडेने बाहेर. एचसीएल निघायचा तर क्लोरीन आणि शेजारचा हायड्रोजन एकमेकांच्या बरोबर उलट बाजूला, ॲक्सियल (रिंगला उभे), असावे लागतात, आणि इथे तशी एकही जोडी नाही. म्हणून बाकीचे आयसोमर हळूहळू तुटतात आणि बीटा तसाच बसून राहतो, मातीत, दुधात, माणसाच्या चरबीत. अल्फा, बीटा आणि लिंडेन तिन्ही २००९ ला स्टॉकहोम कन्व्हेन्शनच्या (चिवट विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत गेले. वहीतल्या एका चित्रात हे सगळं दिसतं, म्हणून म्हटलं चेअर कर. आर-एस, फिशर, साखरांचे कॉन्फिगरेशन वगैरे सध्या राहू दे.

आणि तू बॉटनीची आहेस म्हणजे मेटाबॉलिझम तुला येतंच, त्याचा फायदा घे. फॅटी ॲसिडचं बीटा ऑक्सिडेशन आठवतंय ना, दोन-दोन कार्बन तुटत जातात ते? डिटर्जंटची गोष्ट तीच. १९५०-६० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर यायचे, कारण डिटर्जंटच्या शेपटीला फांद्या होत्या आणि फांदी आली की बॅक्टेरियाची गाडी अडते. मग सरळ शेपटीचे, म्हणजे लिनियर अल्किलबेंझीन सल्फोनेट, आणले आणि फेस कमी झाला. मग आळंदीला इंद्रायणीवर फेस कसा येतो? एक तर सांडपाणी प्रक्रिया न करता सोडलं जातं, आणि दुसरं म्हणजे ही सरळ शेपटीही तोडायला बॅक्टेरियाला ऑक्सिजन लागतो, जो असल्या पाण्यात आधीच संपलेला असतो. रेणू चांगला असून भागत नाही, नदी जिवंत लागते. (हे लिहिताना वारीतले फेसात उभे राहून स्नान करणारे लोक डोळ्यासमोर येतात, जाऊ दे.)

रॅडिकल्स (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले रेणूंचे तुकडे) दोन-तीन दिवसांत होतील, पण करच, सगळी हवेची केमिस्ट्री त्यावर आहे, सीएफसी, ओझोन, स्मॉग सगळं. स्पेक्ट्रोस्कोपीत एनएमआर मागे ठेव, जीसी-एमएसवर (मिश्रण वेगळं करून रेणूंचं वजन दाखवणाऱ्या मशीनवर) जोर दे, रेणूत एकच क्लोरीन असेल तर दोन पीक तीनास एक प्रमाणात दिसतात हे निदान ओळखता आलं पाहिजे. सिंथेसिसचे लांब प्रश्न पूर्ण सोड. पुढे गेट द्यायची असेल तर २०२१ पासून एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे, त्याचा सिलॅबस एकदा बघून ठेव.

वेळ विचारलास तर रोज तासभर दिला तर तीन-साडेतीन महिने. एनपीटीईएलवर (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) फुकट लेक्चर आहेत पण नुसती बघत बसू नकोस, पेन्सिल घेऊन इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बाण काढल्याशिवाय ऑरगॅनिक येत नाही, हा विषय हाताने शिकायचा आहे, पोळ्या लाटण्यासारखा. मराठी मीडियमचं टेन्शन घेऊ नकोस, मीही जिल्हा परिषदेच्या शाळेतलाच, बाणाला भाषा नसते.

सुरुवात म्हणून एक देतो. भोपाळला १९८४ ला टाकीत पाणी शिरलं आणि मिथाइल आयसोसायनेट उकळून बाहेर आलं. त्याचं स्ट्रक्चर काढ: मधला कार्बन एका बाजूने नायट्रोजनने खेचलेला, दुसऱ्या बाजूने ऑक्सिजनने. पाणी कुठे हल्ला करेल, शेवटी कुठला वायू निघेल आणि टाकीतलं प्रेशर का वाढलं, ते बाण काढून दाखव. बॉइलिंग पॉइंट ३९ अंश आहे, तो लक्षात घे. वहीचा फोटो इथेच टाक, चुकलं तर सांगतो कुठे चुकलं ते.