राजीनाम्याचं मेल पाठवायच्या आधी

अगं,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. ऐरोलीची नोकरी सोडून फुलटाइम चित्रं काढायचीयत आणि लातूरला आईला काय सांगू, एवढंच आहे त्यात खरं तर. आईचं तू बघ, त्यात मी पडत नाही.

मी कणकवलीहून ठाण्यात आलो तेव्हा पहिली चार वर्षं नुसतं गावच काढत होतो, माड, गडनदी, कौलारू घरं, तेही कोपरीच्या दहा बाय दहाच्या खोलीत ट्यूबलाइटखाली आठवून आठवून, आणि एकही विकलं गेलं नाही. मग एका जुलैत तलावपाळीला छत्री मानेत अडकवून बसलो, हवेत एवढा ओलावा की जलरंगाचा पातळ थर, वॉश, वाळेचना, आकाश पाण्यात उतरलं, पाणी रिक्षांच्या रांगेत घुसलं, वैतागून कागद फाडणार होतो. तो विकला गेला! घेणारा घोडबंदरचा, मूळचा साताऱ्याकडचा, म्हणाला ऑफिसातून येताना मला रोज असंच दिसतं. इथे सगळेच कुठून ना कुठून आलेत गं, आपापलं गाव प्रत्येकाच्या डोक्यात आधीच पक्कं असतं, त्यात आपण काय भर घालणार. तुझी ती ज्वारीची शेतं छान आहेत, पण ऐरोलीची खाडी एकदाही काढली नाहीस.

चित्रकार एस. एच. रझा, मूळचे मध्य प्रदेशचे, १९४३ ला मुंबईत आले, सुरुवातीला छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी आणि उरलेल्या वेळात इथलेच रस्ते, इथलाच पाऊस. पॅरिस १९५० मध्ये, तेही स्कॉलरशिपवर, आणि ज्यासाठी ते ओळखले जातात तो काळा गोल, बिंदू, तर फार नंतरचा. त्यांच्यासारख्या पोरांना रविवारी घरी बोलावणारे लँगहॅमर, नाझींमुळे ऑस्ट्रिया सोडून आलेले, ते स्वतः टाइम्समध्ये आर्ट डायरेक्टर होते. नोकरीची लाज कुणालाच नव्हती.

आता पैशाचं. एक वही कर, कागद, रंग, फ्रेम, टेम्पो सगळं लिही, फ्रेमच सगळ्यात जास्त खाते. एका गॅलरीने माझे पैसे आठ महिने अडकवले होते, तेव्हा घरभाडं निघालं ते सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या शनिवारच्या पोरांच्या क्लासवर. माझी पहिली तीन फुलटाइम वर्षं चित्रांनी नाही, त्या क्लासनेच काढली, हे मी कुठल्या मुलाखतीत सांगत नाही, तुला सांगतोय. जहांगीर आर्ट गॅलरीला प्रदर्शनासाठी अर्ज टाकून ठेव पण नंबर लागायला वर्षं जातात, त्यावर राजीनाम्याची तारीख ठरवू नकोस. सलग बारा महिने वहीतून भाडं आणि कागद दोन्ही सुटले की मग मेल टाक. आणि हो, कागदावर कंजूषी नको, ३०० जीएसएम कॉटनच घे, पातळ कागद आपल्याकडच्या पावसाळ्यात पापडासारखा वळतो.

रविवारी सकाळी सहाला उपवन तलावावर चित्रं काढायला ये. साडेसातनंतर येऊरच्या डोंगरावरच्या सावल्या पळतात, मग नुसतं हिरवं हिरवं दिसतं. ओडोमॉस आण, डास फार आहेत तिथे.

— काका