केटीएमची गाडी घ्यावी का?

प्रश्न : मुलाला केटीएमची ड्यूक ३९० ही मोटारसायकल हवी आहे, पण ऑस्ट्रियातील ही कंपनी दिवाळखोरीत गेल्याचे वाचले. पुढे सुटे भाग मिळतील का?

उत्तर : मागणी ओसरू लागली तरी ऑस्ट्रियातील माटिगहोफेनच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडतच राहिल्या, न विकलेल्या मालात भांडवल अडकले आणि नोव्हेंबर २०२४मध्ये केटीएमला न्यायालयाची पायरी चढावी लागली. फेब्रुवारी २०२५मध्ये धनकोंनी आपल्या येणे रकमेच्या ३० टक्क्यांवर समाधान मानले, तर २००७पासून भागीदार असलेल्या पुण्याच्या बजाज ऑटोने पैसा ओतून कंपनी सावरली. ड्यूक ३९० मुळात चाकणलाच तयार होते. त्यामुळे सुट्या भागांची चिंता तूर्त नको (मुलाच्या वेगाची मात्र अवश्य करावी). ऑस्ट्रियात बनणाऱ्या मोठ्या, महागड्या गाड्यांविषयी आम्ही इतके निःशंक नाही, कारण त्यांचे भवितव्य युरोप-अमेरिकेतील गिऱ्हाइकावरच अवलंबून आहे.