ब्रेस्ट रिडक्शन करू का? करून घेतलेल्या बाईचं उत्तर

तू विचारलंयस ते थोडक्यात असं: वय २७, नववीपासून छाती अंगाच्या मानाने खूप मोठी, मान-पाठ दुखते, खांद्यावर पट्ट्यांचे वळ पडलेत, फोटो नको वाटतो, पोहणं सुटलं. आता घरात स्थळं बघायला सुरुवात झालीय. छाती लहान करायचं ऑपरेशन (ब्रेस्ट रिडक्शन) केलं तर आत्मविश्वास परत येईल का, पुढे बाळाला पाजता येईल का, व्रण किती दिसतात, सिलिकॉनने कॅन्सर होतो म्हणतात ते खरं का, आणि ‘देवाने दिलंय त्याला कशाला हात लावायचा’ म्हणणाऱ्या आईला काय सांगायचं.

माझं ऑपरेशन पस्तिशीनंतर, दोन मुलं झाल्यावर झालं. त्याला आता बरीच वर्षं झालीत, त्यामुळे नव्याची नवलाई ओसरल्यावर काय उरतं ते सांगू शकते.

आत्मविश्वासाचं आधी सांगते, कारण तिथेच सगळ्यात जास्त गोंधळ असतो. ओझं उतरतं ते लगेच. टाके ओढत असतात, जखमेतलं पाणी काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या लटकत असतात, आणि तरीही पहिल्यांदा उभं राहिलं की मानेवरचा ताण गेलेला जाणवतो. हे बहुतेक जणी सांगतात आणि ते खरं आहे. पण ऑफिसात परत गेल्यावर मी आधीसारखीच फाइल छातीशी धरून चालत होते. ग्रुप फोटोत मागच्या रांगेत. बसमध्ये बसलं की पर्स आपोआप मांडीवरून वर सरकायची. ओढणीला दोन्हीकडे पिना. लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, पण हातांना ते कोणी कळवलं नव्हतं! वीस-बावीस वर्षं पोक काढून चालल्यावर पाठीचे स्नायूही त्याच वळणावर बसलेले असतात. फिजिओथेरपिस्टने खांद्यांची पाती मागे आवळून धरायचे व्यायाम दिले, ते बरेच महिने केले, तेव्हा कुठे सरळ उभं राहणं अंगवळणी पडलं. तेव्हा सर्जन करतो ते अर्धं काम. उरलेलं आपल्याला करावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, एवढं धरून चाल म्हणजे तिसऱ्याच आठवड्यात ‘अजून का नाही वाटत छान?’ म्हणून रडू येणार नाही.

स्तनांच्या शस्त्रक्रियेनंतर बाईला कसं वाटतं हे मोजायला ब्रेस्ट-क्यू नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसण्याबद्दलचं समाधान, मानसिक-सामाजिक स्वास्थ्य, लैंगिक स्वास्थ्य आणि शारीरिक त्रास यांचे गुण वेगवेगळे काढतात, एकत्र नाही. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. रिडक्शन करून घेणाऱ्या बायकांचं समाधान एकूण खूप चांगलं असतं, पण चारही खाती एकाच वेगाने भरत नाहीत.

म्हणून तुला एक काम. कागदावर लिही, छाती लहान झाल्यावर मी काय काय करणार. पोहायला परत जाणं, पळणं, हवा तो कुर्ता रेडिमेड घेणं, मीटिंगमध्ये उभं राहून बोलणं, जे असेल ते. मग त्यातलं जे दुसऱ्याच्या मतावर अवलंबून आहे ते खोड. ‘मुलगा पसंत करेल’ खोड. ‘काकू बोलायची थांबेल’ खोड. काकू दुसरं काहीतरी शोधेल. उरलेली यादी तुला पुरेशी वाटली तर पुढे जा. डॉक्टरांना तुझी छाती अगदी सर्वसाधारण वाटत असेल आणि तरी दिवसाचे तास आरशासमोर जात असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटणं बरं. चांगले सर्जन स्वतःच तसं सुचवतात. तुझ्या वर्णनावरून तुझं तसं वाटत नाही.

ऑपरेशनच्या आधी मापाची ब्रा घालून बघितलीयस का? हसू नकोस. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत कपचा मोठा साइज ठेवतच नाहीत, मग दुकानदार घेराचा आकडा वाढवून देतो, ‘ताई, ४२ घ्या’. घेर ढिला पडला की सगळा भार खांद्यांवर येतो. भार पेलायचं काम खरं तर पाठीवरच्या पट्ट्याचं, खांद्याच्या पट्ट्यांचं नाही. घेर घट्ट आणि कप मोठा अशी ब्रा ऑनलाइन मिळते. तिने काहींचं दुखणं निम्मं होतं. माझं झालं नाही, पण ‘हे करून पाहिलं’ असं डॉक्टरांना आणि विमा कंपनीला सांगता आलं. क्रीम, मालिश, तेल यावर मात्र एक रुपया घालवू नकोस. स्तनात ग्रंथी आणि चरबी असते, स्नायू खालच्या थरात असतो, त्यामुळे व्यायामानेही स्तन लहान होत नाहीत. वजन उतरलं तर थोडा फरक पडतो, कुणाला किती ते चरबीच्या प्रमाणावर. वजन उतरवायचं मनात असेल तर ते आधी उतरव आणि काही महिने तिथेच टिकव, मग ऑपरेशन.

आता प्रत्यक्ष काय करतात ते. माझ्या दृष्टीने ऑपरेशनचा सगळ्यात महत्त्वाचा भाग भूल द्यायच्या आधी, उभ्याने होतो. आडवं झालं की स्तन बाजूला ओघळतात आणि सगळी मापं चुकतात, म्हणून तुला सरळ उभं करतात, सोबत नर्स असते. सर्जन गळ्याखालच्या खळग्यापासून निपलपर्यंत टेपने माप घेतात, दोन्हीकडचं, आणि ते दोन्हीकडे कधीच सारखं नसतं. मग स्तनाखालची घडी जिथे आहे त्याच्या पातळीवर निपलची नवी जागा ठरवतात आणि मार्करने रेषा ओढतात. इतकी वर्षं कोणाची नजर खाली गेली तरी मी आक्रसायचे, आणि तिथे एक माणूस शिंप्यासारखा कपाळाला आठ्या घालून सेंटिमीटर मोजत होता. लाज पाचव्या मिनिटाला संपली. त्या वेळी मनातलं सगळं विचारून घे, साइजबद्दलसुद्धा. ‘बी कप करा’ असं सांगून तसाच मिळत नाही. निपलचा रक्तपुरवठा सांभाळून जेवढं काढता येतं तेवढंच काढतात.

निपल सहसा पूर्ण सुटं करत नाहीत. रक्तवाहिन्या आणि नसांसकट ऊतींच्या एका पट्ट्यावर ते ठेवून वर सरकवतात, बाजूची जास्तीची ग्रंथी, चरबी आणि त्वचा काढतात. दोन ते चार तास लागतात, पूर्ण भूल असते. काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवलाच पाहिजे, तसं होणार ना हे विचार. आधी तुझ्या वयाला सोनोग्राफी करतात, चाळिशीनंतर मॅमोग्राफी. पुढे आयुष्यात कधीही मॅमोग्राफी केलीस तर रिडक्शन झाल्याचं सांगायचं, कारण आतले व्रण आणि कडक झालेली चरबी फिल्मवर वेगळी दिसते.

व्रण राहतात. ‘स्कारलेस’ म्हणणाऱ्याकडून उठून ये. निपलभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने एक, तिथून सरळ खाली एक, आणि बरंच काढायचं असेल तर खालच्या घडीत आडवा एक, म्हणजे उलट्या टी सारखा. आपल्या सावळ्या कातडीवर ते आधी लाल, मग काळपट होतात, काहींचे जाड होतात. घरात कोणाला केलॉइड, म्हणजे जखमेच्या बाहेर वाढत जाणारे जाड व्रण, असतील तर आधीच सांग. सिलिकॉन जेल किंवा पट्ट्या चिकाटीने लावायच्या आणि वर्ष-दीड वर्ष थांबायचं. माझी उभी रेष आता शोधावी लागते, घडीतली अजून दिसते. जिथे उभी आणि आडवी रेष मिळते तो कोपरा भरायला हट्टी. तिथे थोडं उघडणं, ओल येणं बऱ्याच जणींना होतं आणि ड्रेसिंगने भरतं. घाबरून जाऊ नकोस, पण डॉक्टरांना दाखव.

पाजण्याबद्दल तुला कोणी शंभर टक्के हमी देत असेल तर विश्वास ठेवू नकोस. निपलखालची ग्रंथी आणि नलिका राखल्या तर बऱ्याच जणींना पाजता येतं, कधी पूर्ण, कधी वरचं दूध जोडीला द्यावं लागतं. निपल पूर्ण सुटं करून पुन्हा लावायची वेळ आली तर मात्र पाजता येत नाही; अतिशय मोठ्या स्तनांत ती पद्धत वापरतात. निपलची संवेदना कमी होऊ शकते, कधी कायमची. शिवाय गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो. म्हणूनच काही डॉक्टर मुलं होऊ दे म्हणतात. पण तुझं लग्नच ठरलेलं नाही. तोवर आणखी पाच-सात वर्षं पाठ दुखवून घ्यायची का, हा हिशेब तुझा आहे. मला विचारशील तर मी थांबले नसते.

सिलिकॉनचं उत्तर सोपं आहे. रिडक्शनमध्ये आत काहीच घालत नाहीत. ती भीती आकार वाढवायला आत बसवतात त्या इम्प्लांटची, आणि ती अगदीच निराधार नाही. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, सापडला, त्यावरून अॅलर्गन कंपनीने २०१९ मध्ये आपले बायोसेल जातीचे इम्प्लांट जगभरातून परत घेतले. त्याआधी २०१० मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं उघड झालं होतं. इम्प्लांट जन्मभराचे नसतात, त्यांची तपासणी करत राहावी लागते, हे घालणारीने समजून घ्यावं. तुझा तो प्रश्न नाही.

डॉक्टर निवडताना पाटीवरचं ‘कॉस्मेटिक’ बघू नकोस, पदवी बघ. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी हवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी हवी. त्यांनी स्वतः केलेल्या रिडक्शनचे फोटो माग, चांगलेच नाही तर व्रण जाड झालेलेही. किमान दोघांना भेट. एका ठिकाणी मला पहिल्याच भेटीत ‘आज बुक केलं तर सवलत’ म्हणाले. मी चहा संपवून निघाले. पैशाची अडचण असेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, तिथे विचार.

सिगारेट, हुक्का असेल तर निदान महिनाभर आधीपासून बंद. हे सगळे विचारतात. मशेरीचं कोणी विचारत नाही आणि बायका सांगत नाहीत. मशेरीतही तेच निकोटिन, त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि निपलचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. तू नसशील लावत, पण हे वाचणारी दुसरी कोणी लावत असेल. ॲस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या, आयुर्वेदिक काढे, जे काही चालू असेल ते सांगायचं.

नंतरचं: एक-दोन रात्री हॉस्पिटल, बैठं काम असेल तर साधारण दोन आठवड्यांनी ऑफिस, चार-सहा आठवडे पुढून उघडणारी सपोर्ट ब्रा रात्रंदिवस. पाठीवर झोपायचं. बादली, भरलेला कुकर, गॅस सिलिंडर, स्कूटर काही नाही. वरच्या फळीवरचे डबे आधीच खाली काढून ठेव.

विम्याचं: दिसणं बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेली असते, अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तरच ती बसते. म्हणजे ‘गरज’ कागदावर दिसायला हवी. ऑर्थोपेडिककडे दाखवलंस त्याची चिठ्ठी, घडीत उन्हाळ्यात होणाऱ्या बुरशीसाठी त्वचारोगतज्ज्ञाने दिलेली औषधं, फिजिओची नोंद, सगळं तारखेसकट जपून ठेव आणि कॅशलेसची पूर्वपरवानगी ऑपरेशनआधी लेखी घे. नाकारतील, तरी एकदा तक्रार कर. काहींचं मंजूर झालंय.

आईला भाषण देऊ नकोस. मोठ्या छातीला आपल्याकडे ‘भरलेली’ म्हणून कौतुकच होतं, तिला त्यात दुखणं दिसत नसणार. मे महिन्यात घडीत रुमाल खोचून ठेवावा लागतो ते, आणि रुमाल काढल्यावर खालची लाल सोललेली कातडी, हे तिला एकदा दाखव. माझ्या सासूबाई तोपर्यंत विरोधात होत्या. मग म्हणाल्या, ‘अगं, हे मलाही व्हायचं, आम्ही हळद लावायचो.’ पुढे दवाखान्यात त्याच सोबत आल्या.

स्थळाला सांगायचं का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो येणारच. बायोडेटात लिहायची ही गोष्ट नाही. बोलणी पुढे सरकली की तुम्ही दोघं बोलत असताना तूच सांग, अपेंडिक्सचं ऑपरेशन सांगतात तसं. तोंड वाकडं करणारा निघाला तर स्वस्तात कळलं. आणि साखरपुडा नि लग्न यांच्या मधल्या तीन महिन्यांत हे कोंबू नकोस. सूज पूर्ण उतरून आकार स्थिरावायला सहा महिने तरी धर, तोवर लग्नाचे ब्लाऊज शिवायला टाकू नकोस. जुने आत घेऊन चालत नाहीत, मुंढेच बदलतात. माझे सगळे बहिणीकडे गेले.