डीएनए डॅमेज: इजा, तूट की छेद?

उदगीरहून प्राणिशास्त्राच्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: बारावीनंतरच्या टिपणांत 'जर्म सेल'ला (जिच्यापासून पुढे शुक्राणू किंवा अंडपेशी बनते ती पेशी) 'जंतुपेशी' लिहिलेलं चालेल का, आणि तिच्यातल्या 'डीएनए डॅमेज'ला 'उत्परिवर्तन' म्हणावं का?

'जंतुपेशी' नको. जंतू म्हटलं की पोरांना रोगच आठवणार. इथला 'जर्म' बीज या अर्थाचा आहे. शेतीत 'जर्मप्लाझम'ला 'जननद्रव्य' म्हणतात. परभणीला कृषी विद्यापीठ असल्याने आपल्याकडे तो शब्द अनोळखी नाही. त्याच्याच जोडीचा 'जननपेशी'. गर्भात प्रथम वेगळ्या होतात त्या 'आद्य जननपेशी'. शुक्राणू आणि अंडपेशी पुष्कळ नंतर तयार होतात, त्यांना 'युग्मक' म्हणावं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. डॅमेज म्हणजे उत्परिवर्तन नव्हे. डीएनएच्या चार 'अक्षरां'पैकी (अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन) सायटोसिनचा अमिनो गट निघून गेला की त्याचं युरॅसिल होतं. युरॅसिल डीएनएत असायलाच नको, म्हणून दुरुस्तीचं विकर (एन्झाइम) ते ओळखून काढून टाकतं. इथवर ती 'इजा' आहे. दुरुस्तीआधीच डीएनएची प्रत निघाली, तर युरॅसिलसमोर अॅडेनिन बसतं आणि पुढच्या प्रतीत त्या अॅडेनिनसमोर थायमिन. आता जोडी बिनचूक दिसते, दुरुस्तीला खटकावं असं काही उरत नाही. हे 'उत्परिवर्तन'. इजा दुरुस्त होते, उत्परिवर्तन पुढच्या पेशींत उतरतं. जननपेशीतलं असेल तर पुढच्या पिढीतही.

डीएनए दोन धाग्यांचा असतो; धागा तुटणं म्हणजे 'स्ट्रँड ब्रेक'. त्यासाठी आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: पेड. अंबाडीची दोरी वळणाऱ्याला एक पेड तुटणं आणि दोन्ही तुटणं यातला फरक समजावून द्यावा लागत नाही. म्हणून 'एकपेडी तूट' आणि 'दुपेडी तूट' लिहावं. एकपेडी तुटीत समोरचा पेड शाबूत असतो, त्याच्यावरून भरणी होते. दुपेडी तुटीत टोकं सुटतात आणि चुकीच्या जागी जुळण्याचा धोका असतो.

पण प्रत्येक तूट अपघाताने होत नाही, आणि आद्य जननपेशींत हे ध्यानात ठेवावंच लागतं. सी. एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीत अशा दोनच पेशी असतात, झेड-२ आणि झेड-३. अंड्यातून निघालेली अळी उपाशी असेतो त्यांची विभागणी थांबलेली असते आणि जनुकं बहुतांशी निपचित असतात. अन्न मिळालं की टोपोआयसोमरेज-२ हे विकर डीएनएत दुपेडी छेद घेतं, घट्ट आवळलेलं क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांची गुंडाळी) सैल होतं आणि जनुकं कामाला लागतात. इथे 'हानी' लिहिलं तर अर्थ उलटा होतो. विकराने कामासाठी घेतला तो 'छेद', आपोआप किंवा अपघाताने झाली ती 'तूट'. युग्मकं बनवणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात स्पो-११ हे प्रथिन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल व्हावी म्हणून दुपेडी छेद घेतं, तिथेही हाच शब्द.

मात्र छेदाची तूट होऊ शकते. टोपोआयसोमरेज-२ छेद घेताना तुटलेली टोकं स्वतःला बांधून ठेवतं, त्या फटीतून दुसरा डीएनए पार करतं आणि टोकं पुन्हा सांधतं. इटोपोसाइड हे कर्करोगाचं औषध नेमकं सांधणं अडवतं. मग छेद उघडा राहतो, आणि त्याला 'इजा' म्हणणं रास्त ठरतं. सूक्ष्मदर्शकाखाली रॅड-५१ प्रथिनाचे ठिपके दिसले म्हणून तूटच झाली असं लिहू नये. दुपेडी टोकांची दुरुस्ती चालू आहे, एवढंच ते सांगतात. छेद की तूट हे ठरवायला छेद घेणारं विकर काढून टाकलेल्या पेशींत ठिपके उरतात का, हे पाहावं लागतं.

'अॅक्टिव्हेशन'साठी 'जनुक सक्रिय होणे' पुरे. 'अभिव्यक्ती' त्या जागी घालू नये. अभिव्यक्ती म्हणजे जनुकावरून आरएनए आणि प्रथिन तयार होणं, सक्रिय होणं ही त्याची सुरुवात.

तर टिपणातलं वाक्य असं लिहावं: 'सूत्रकृमीच्या आद्य जननपेशींत जनुकसंच सक्रिय होताना डीएनएत दुपेडी छेद घेतले जातात; ते वेळेत सांधले गेले नाहीत, तर पेशीला इजा होते.'