गोव्यातून जपानला, डिस्पॅच कंपनीमार्फत असिस्टंट इंग्रजी शिक्षिका म्हणून जावं का?

तुम्ही लिहिलंय की यंदा इंग्रजी घेऊन बी.ए. झालात, पहिली ते चौथी गावच्या मराठी शाळेत गेली, शाळांना सहाय्यक इंग्रजी शिक्षक पुरवणाऱ्या जपानच्या एका डिस्पॅच कंपनीची जाहिरात पाहिलीत आणि आता बी.एड.ला प्रवेश घ्यावा की तिकडे अर्ज टाकावा हे ठरत नाहीये. मी डिचोली तालुक्यातली. हेच काम तीन वर्षं करून आलेय, टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात. माझं उत्तर: आधी बी.एड. करा. त्यामागे शिक्षणशास्त्र वगैरे काही नाही, साधी बेरीज आहे.

जपानच्या सरकारी शाळांत शिकवायला 'इन्स्ट्रक्टर' नावाचा व्हिसा लागतो. त्याला पदवी तर हवीच. पण परदेशी भाषा शिकवणार असाल तर त्या भाषेच्या माध्यमातून निदान १२ वर्षं शिक्षण झालंय, हेही कागदावर दाखवावं लागतं. आता बोटं मोजा. पहिली ते चौथी मराठी, ती बाद. पाचवी ते दहावी सहा, अकरावी-बारावी दोन, बी.ए.ची तीन. झाली अकरा. एक वर्ष कमी! १९९० च्या धोरणानंतर गोव्यात मराठी-कोकणी प्राथमिक शाळांनाच अनुदान मिळायचं, म्हणून आपल्या गावांतली बहुतेक पोरं मराठीतूनच सुरुवात करून आली. मला त्याचं वाईट अजिबात वाटत नाही, पण या एका अर्जापुरतं ते आडवं येतं. माझं ताळगाव पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठात, एम.ए. झालं होतं, म्हणून माझी तेरा भरली. तुमचं बी.एड. हल्ली दोन वर्षांचं आहे, म्हणजे तुमचीही तेराच होतील.

(आपल्याकडे परदेशाचा विषय निघाला की कोणीतरी पोर्तुगीज पासपोर्टचं विचारतंच. इथे तो उपयोगाचा नाही. नियम शिकण्याच्या भाषेचा आहे, पासपोर्टचा नाही.)

खाजगी संभाषण वर्ग, ज्यांना तिकडे एइकाइवा म्हणतात, त्यांचा व्हिसा वेगळा असतो आणि त्याला ही बारा वर्षांची अट नाही. पण ते दुपारी सुरू होऊन रात्री नऊपर्यंत चालतात, शनिवार-रविवार तर हमखास. तो वेगळा धंदा आहे, तुम्ही शाळेचं विचारलंत म्हणून सोडून देते.

आता डिस्पॅच म्हणजे नेमकं काय ते. शाळा नगरपालिकेच्या शिक्षण मंडळाच्या असतात. मंडळ कंपनीला ठेका देतं, कंपनी तुम्हाला पगार देते, आणि तुम्ही रोज उठून तिसऱ्याच ठिकाणी, शाळेत, जाता. म्हणजे तुम्ही ज्यांच्यात दिवसभर वावरता त्यांच्या तुम्ही कोणी लागत नाही, आणि ज्यांच्या लागता ते वर्षातून तीनदा तोंड दाखवतात. सगळी गंमत आणि सगळा त्रास यातच आहे.

या ठेक्याचे दोन प्रकार आहेत. एक हाकेन. यात शाळेतला शिक्षक तुम्हाला थेट सांगू शकतो की हा धडा असा घेऊ, तो खेळ नको. दुसरा ग्योमु इताकु, म्हणजे कामच कंत्राटावर दिलेलं. यात शिक्षकाने तुम्हाला थेट सूचना देणं कायद्यात बसत नाही. सूचना कंपनीकडून यायला हव्यात. आता दोन माणसं एका फळ्यासमोर उभी राहून एकच तास घेणार आणि एकाने दुसऱ्याला काही सांगायचं नाही, हे कसं जमायचं? माझं पहिलं वर्ष इताकुचं होतं. माध्यमिक शाळेतले एक वयस्क शिक्षक फार नियमाचे. ते तासाच्या आधी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "कोणीतरी परिच्छेद दोनदा वाचला तर बरं होईल." ते कोणीतरी म्हणजे मी. दुसऱ्या वर्षी मंडळाने हाकेन केलं आणि तेच शिक्षक माझ्याशी तासभर बसून आखणी करू लागले. माणूस तोच, कागद बदलला. म्हणून मुलाखतीत पगाराआधी हे विचारा: हाकेन की इताकु?

पगाराचं सांगते. मला महिन्याला २ लाख ३० हजार येन कबूल केले होते. येन ५५-६० पैशांच्या आसपास धरला तर आपल्याकडे हा आकडा भरघोस दिसतो, घरचेही खूश होतात. पण जाहिरातीत बारीक अक्षरात असतं की ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये कामाच्या दिवसांप्रमाणे. उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटी लागते आणि ऑगस्टभर चालते. माझ्या हातात पहिल्या ऑगस्टचे निम्म्याहून थोडे जास्त पडले. घरभाडं मात्र निम्मं होत नाही. जपान सरकारच्या जेट कार्यक्रमातून, जो १९८७ पासून चालू आहे, आलेली एक मुलगी शेजारच्या गावात होती. तिला ऑगस्टमध्येही पूर्ण पगार. तिच्यासमोर मी हा विषय काढायचं टाळायचे.

शिवाय पहिला पगार कामाला लागल्यावर जवळजवळ दोन महिन्यांनी. एप्रिलचे पैसे मेच्या अखेरीस. तोवर खोलीचं आगाऊ भाडं, गादी, स्वयंपाकाची भांडी, शाळेत घालायचे वेगळे बूट, सगळं स्वतःच्या खिशातून. बाबांनी आदल्या हंगामातल्या काजूचे पैसे दिले नसते तर मी मेमध्ये नूडल्सवर असते. तशी आठवडाभर होतेही.

विम्याचं जरा नीट बघा, इथे लोक फसतात. करारात आठवड्याचे तास २९.५ असे विचित्र लिहिलेले असतात. दिवसभर शाळेत असूनसुद्धा! कारण तास पूर्णवेळच्या तीन चतुर्थांशांच्या खाली ठेवले की कंपनीला शाकाई होकेनचा, म्हणजे आरोग्य आणि पेन्शनचा, निम्मा वाटा भरावा लागत नसे. मग तुम्ही नगरपालिकेत जाऊन राष्ट्रीय विमा आणि पेन्शन स्वतः भरायची. एकट्या पेन्शनचेच महिन्याला १७-१८ हजार येन जातात. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना आठवड्याला २० तासांच्या माणसांनाही त्यात घ्यावं लागतं, तेव्हा ही पळवाट मोठ्या कंपन्यांना उरलेली नाही. तरी करारावर शाकाई होकेन हे शब्द आहेत का ते पाहाच. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये रहिवासी कराचं पाकीट येतं, आदल्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नाच्या साधारण दहा टक्क्यांचं. पहिल्या वर्षी ते येत नाही म्हणून सगळे बेसावध असतात. भरलेल्या पेन्शनमधले काही पैसे देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर परत मिळतात. मी केला, मिळाले.

आता वर्गाचं. माझ्याकडे एक माध्यमिक आणि दोन प्राथमिक शाळा होत्या. माध्यमिकमध्ये मी बऱ्याचदा चालताबोलता रेडिओ: मी वाचायचं, मुलांनी मागून म्हणायचं. ५० मिनिटांत माझी दहा वाक्यं. बी.एड. करून जाल तेव्हा याचा राग येईल, मला यायचा. प्राथमिक शाळेत चित्र उलटं. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला, तिसरी-चौथीला तोंडओळख. पण वर्गशिक्षकांना इंग्रजीची भीती वाटते, त्यामुळे ४५ मिनिटं सगळी तुमचीच. नाव सहाय्यक, काम मुख्य. पण मला विचाराल तर तिथेच खरी मजा आली. आपल्या मराठी शाळेत बाई गाण्यातून शिकवायच्या ना, ते सगळं तिथे कामाला आलं.

एकदा सहावीच्या वर्गात 'माझं गाव' सांगताना मी नकाशावर गोवा दाखवला. वर्गशिक्षक एकदम म्हणाले, "झाबिएरु!" म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर. १५४९ मध्ये तो कागोशिमाला उतरला, आणि जपानमध्ये इतिहासाच्या पुस्तकात त्याचं चित्र प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं. मी सांगितलं की त्याचा देह माझ्या घरापासून तासाभरावर, जुन्या गोव्यातल्या बासिलिकात आहे. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. मग एका मुलाने हळूच विचारलं, "अजून?" पुढे वर्षभर मी त्या शाळेत झाबिएरुच्या गावची बाई होते. पावाला ते 'पान' म्हणतात, आपल्या पोदेराच्या पावासारखाच तोही पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. हे सांगितलं त्या दिवशी मुलांनी जेवणात मला दोन पान जास्त आणून दिले.

आता जेवणाचं. दुपारचं क्यूशोकु, शाळेचं जेवण, मुलांबरोबर वर्गातच. पैसे आपले, पण ताट स्वस्त पडतं. गोमांस-डुक्कर वरचेवर असतं, पूर्ण शाकाहारी असाल तर डबा न्यावा लागेल आणि त्याची परवानगी आधी काढावी लागेल. मासे खात असाल तर निम्मी चिंता मिटली. साबा नावाचा मासा म्हणजे आपल्या बांगड्याचा चुलत भाऊ. फक्त तिखट नाही, नारळ नाही, आणि तोचिगीला समुद्रच नाही. आमसोलं न्या, भरपूर न्या.

गाडी चालवता येत असेल तर गावाकडच्या जागा सहज मिळतात. तिकडेही डावीकडूनच चालवतात आणि आपला आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो. पुढे तिथली परीक्षा.

आणि एक, यावर वाद नको. कंपनीला पैसे मंडळाकडून मिळतात, उमेदवाराकडून नाही. पणजीत किंवा मडगावात कोणी 'जपानचं करून देतो' म्हणत लाख-दीड लाख मागितले तर चहा न पिता उठा. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्याला फार तर ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच फी घेता येते.

तर दोन वर्षं बी.एड., मग अर्ज. शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे आदल्या पावसाळ्यातच अर्जाला लागा. तिकडे जाऊन करिअर होईल अशी आशा धरू नका. पाचव्या वर्षीही पगार जवळपास तोच असलेली माणसं मी पाहिली. दोन-तीन वर्षांसाठी मात्र मी पुन्हा गेले असते.

माध्यमाचे दाखले आत्ताच काढायला घ्या: हायस्कूल, हायर सेकंडरी, कॉलेज, प्रत्येकाचा वेगळा, लेटरहेडवर, 'माध्यम इंग्रजी' आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत हे स्पष्ट लिहिलेला. पाचवीपासून, हे आवर्जून घालायला लावा. माझ्या हायस्कूलच्या क्लार्कने पहिल्यांदा फक्त दहावीचं वर्ष लिहून दिलं, दुसऱ्यांदा शिक्का राहिला. डिचोली-साखळी कदंबा बसने तीन फेऱ्या झाल्या.