वाचकांचे प्रश्न : कोड आला म्हणजे पार्ट गेला असं नाही

प्रश्न : कॉमन रेल डिझेल पिकअप माल भरून घाट चढताना दम टाकते, चेक लाइट लागतो आणि पुढे रेस घेतच नाही. स्कॅनरवर पी००८७ हा बिघाडाचा कोड येतो. रेल प्रेशर सेन्सर नवा टाकला, तरी कोड परत आला. आता पंप बदलावा का? (गॅरेजचालक, कराड)

उत्तर : पंपाला एवढ्यात हात लावू नका. पी००८७ इतकंच सांगतो, की ईसीयूने (इंजिनच्या कंप्युटरने) मागितलं तेवढं प्रेशर रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत, तयार होत नाही. सेन्सर ते फक्त कळवतो. तो बरोबर आहे का हे बदलण्याआधीच कळलं असतं: गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि नुसती चावी ऑन करा. स्क्रीनवर प्रेशर शून्याच्या आसपास आणि सिग्नल वायरवर साधारण ०.५ व्होल्ट दिसले, तर सेन्सरवर संशय घ्यायचं फारसं कारण उरत नाही.

पुढची तपासणी उभ्या गाडीवर होणार नाही. लाइव्ह डेटामध्ये चारच गोष्टी निवडा: मागितलेलं प्रेशर, प्रत्यक्ष प्रेशर, आरपीएम आणि पंपावरच्या मीटरिंग व्हॉल्व्हचा (पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या झडपेचा) टक्का. वीस ओळी उघडल्या की आकडे उशिरा बदलतात आणि प्रेशर पडल्याचा नेमका क्षण निसटतो. माल भरून त्याच चढावर गाडी न्या, एकाने चालवावी, दुसऱ्याने रेकॉर्ड करावं. आयडलला (रेस न देता) बहुतेक गाड्यांत २५० ते ३५० बार असतं. तिथे दोन्ही आकडे जुळतात, पण चढावर मागणी १२०० बारवर जाते आणि प्रत्यक्ष प्रेशर ८००-९०० वरच अडतं, तर आधी डिझेल पुरवठा बघा. फिल्टर, टाकीतली जाळी, दबलेला पाइप. सक्शनवर डिझेल ओढणाऱ्या गाडीत फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी जोडा. सलग बुडबुडे दिसले तर कुठूनतरी हवा घेतेय, आणि बहुधा फिल्टर हाउसिंगच्या ओ-रिंगमधून. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर बुडबुड्यांऐवजी गेज लावून प्रेशर मोजा.

पुरवठा ठीक निघाला की बॅकलीक, म्हणजे इंजेक्टरमधून रिटर्नला परत जाणारं डिझेल तपासा. इंजिन गरम करून चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावा आणि तीन मिनिटं आयडलवर चालवा. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर प्रेशर त्या इंजेक्टरमधून वाया जातंय. पिझो इंजेक्टरवर मात्र हे करू नका. त्यांना रिटर्न लाइनमध्ये दाब लागतो.

हे सगळं झाल्यावर पंपाची पाळी. मीटरिंग व्हॉल्व्ह काढून पांढऱ्या कापडावर झटका. चकचकीत कण पडले तर पंप आतून खाल्लाय, आणि मग नुसता पंप बदलून भागत नाही. टाकी, पाइप, रेल, इंजेक्टर सगळं साफ केल्याशिवाय नवा पंप बसवला तर तेच कण नव्या भागांत शिरतात.

एक कळकळीची विनंती. जुन्या इंजिनवर मिसिंग (कोणता सिलिंडर काम करत नाही ते) शोधायला चालू इंजिनात नोझलचा पाइप सैल करायची सवय होती. कॉमन रेलवर ते कधीच करू नका. या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. पाइप उघडण्याआधी इंजिन बंद करा, काही मिनिटं थांबा आणि रेल प्रेशर शून्य झाल्याचं स्कॅनरवर बघूनच पाना लावा.

प्रश्न : दोन इंजेक्टर बदलल्यावर आयडलला ठोका येतो आणि काळा धूर मारते. कोडिंग केलं नाही तर चालत नाही का? (मेकॅनिक, नाशिक)

उत्तर : नाही चालत. एकाच पार्ट नंबरचे दोन इंजेक्टरसुद्धा तंतोतंत सारखं डिझेल सोडत नाहीत. हा फरक कारखान्यात मोजून इंजेक्टरवर कोड छापतात, आणि तो ईसीयूत भरणं म्हणजे कोडिंग. बॉशच्या बऱ्याच इंजेक्टरवर सात अक्षर-अंक असतात, डेल्फीवर सोळा किंवा वीस, डेन्सोवर लांब कोड आणि क्यूआर. ईसीयूत जुनाच कोड राहिला तर ते जुन्या इंजेक्टरच्या हिशोबाने मात्रा देत राहतं.

बसवण्याआधी कोडचा फोटो काढा, नंतर हेडमध्ये वाचता येत नाही. बॅटरीला सपोर्ट चार्जर लावा. आठ आणि बी, शून्य आणि ओ यांत गल्लत होते. स्क्रीन सिलिंडरच्या क्रमाने विचारतेय की फायरिंगच्या (१-३-४-२), हेही आधी वाचा. कोड भरल्यावर चावी बंद करून थोडं थांबा आणि परत वाचून खात्री करा. कॉपर वॉशर दरवेळी नवा.

मग गरम इंजिनावर आयडलचं करेक्शन (ईसीयू कुठल्या सिलिंडरला किती डिझेल वाढवतं-घटवतं) बघा. एखाद्या सिलिंडरला तीन-चार मिलिग्रॅमपेक्षा जास्त वाढ-घट दिसली तर त्याचा इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरशी कोडसकट अदलाबदल करा. बिघाड इंजेक्टरबरोबर सरकला तर दोष त्याचा, जागेवर राहिला तर कॉम्प्रेशन किंवा वायरिंग तपासा. नोझल बदलून दुरुस्त केलेल्या इंजेक्टरचा छापील कोड निरुपयोगी असतो. टेस्ट बेंचवरून नवा कोड आणि मापांचा रिपोर्ट मागून घ्या.

प्रश्न : बीएस ६ गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरला. स्कॅनरने फोर्स रीजनरेशन (काजळी जबरदस्तीने जाळणं) करावं का? (वाचक, पुणे)

उत्तर : आधी डिपस्टिक बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर आधी ऑइल बदला. चावी ऑन, इंजिन बंद असताना डीपीएफचा प्रेशर फरक शून्य दिसला पाहिजे. नसेल तर सेन्सर आणि त्याच्या दोन नळ्या तपासा. काजळीचा आकडा कंपनीने दिलेल्या मर्यादेबाहेर असेल तर जबरदस्ती करू नका, डीपीएफ काढून साफ करा. मर्यादेत असेल तर टाकीत पाव तरी डिझेल ठेवा आणि गाडी मोकळ्यावर उभी करा. खाली वाळलेलं गवत, तेल, चिंध्या नकोत. आत ६०० अंशांच्या घरात तापमान जातं. राख याने जळत नाही, म्हणून यापुढे लो-अ‍ॅश ऑइलच वापरा.

प्रश्न : ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर पुरेल का? (वाचक, सोलापूर)

उत्तर : कोड वाचायला आणि थोडा लाइव्ह डेटा बघायला पुरेल. इंजेक्टर कोडिंग आणि रीजनरेशन बहुतेक गाड्यांवर त्याने होणार नाही. कोड पुसायची घाई करू नका. आधी फ्रीझ फ्रेम लिहून घ्या. बिघाड झाला तेव्हाचा वेग, आरपीएम आणि तापमान तिथेच मिळतं, आणि कोड पुसला की तेही जातं.