सहा वर्षांच्या मुलीला उन्हाळी सुट्टीत व्हायोलिनच्या शिबिरात घालावे का?

आपली मुलगी सव्वासहा वर्षांची आहे, घरात कोणीही वाद्य वाजवत नाही, आणि मे महिन्यातील तीन आठवड्यांच्या व्हायोलिन शिबिरात तिला आताच घालावे की आणखी दोन-तीन वर्षे थांबावे, असे आपण विचारले आहे. वाद्य आधी विकत घेऊन ठेवावे का, हाही आपला प्रश्न आहे. मी पुण्यात गेली चौदा वर्षे लहान मुलांना व्हायोलिन शिकवते आणि दर उन्हाळ्यात असे वर्ग घेते. माझे मत असे की वयासाठी थांबण्याचे कारण नाही. मात्र त्या तीन आठवड्यांत घरातील एक मोठे माणूस रोज तिच्याबरोबर वर्गात बसणार असेल, तरच तिला घालावे.

ही अट माझ्या पदरची नाही. जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (1898–1998) यांनी लहान मुलांच्या वादनशिक्षणाची जी पद्धत घडवली, तिचा पायाच हा आहे. जपानमधील प्रत्येक मूल अस्खलित जपानी बोलते, मग संगीतही मातृभाषेसारखेच ऐकून, अनुकरण करून आणि पुन्हापुन्हा म्हणून का येऊ नये, असा त्यांचा विचार होता. मूल भाषा शिकते ती आईवडिलांच्या तोंडून, म्हणून त्यांच्या पद्धतीत पालकाने वर्गात बसायचे, गज (तारांवर फिरवायची काठी) धरायला स्वतः शिकायचे आणि घरी गेल्यावर शिक्षकाची जागा घ्यायची. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील स्टीव्हन्स पॉइंट येथे 1971 मध्ये या पद्धतीचे पहिले उन्हाळी शिबिर भरले, आणि तेथून तशा शिबिरांची प्रथाच पडली. त्यांतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तासाच्या वर्गात तीन-चार मुले असतात, प्रत्येकाला शिक्षकापुढे एकट्याने वाजवायला पंधरा-वीस मिनिटे मिळतात आणि तेवढा वेळ बाकीची मुले पालकांसह बसून पाहतात. दुसऱ्याचे मनगट कसे सुधारले जाते हे पाहण्यातून मूल जे शिकते, ते त्याला समजावून सांगून कधीच येत नाही.

तीन आठवड्यांत सहा वर्षांच्या मुलीला काय येईल, याविषयी मात्र आपण अपेक्षा बेताची ठेवावी. उभे कसे राहायचे, मान न आवळता वाद्य हनुवटी आणि खांद्याच्या आधारावर कसे ठेवायचे, गज धरताना अंगठा वाकलेला आणि करंगळी गजावर टेकलेली कशी ठेवायची, आणि बोट न ठेवता मोकळ्या तारेवर गज सरळ ओढून स्वच्छ आवाज कसा काढायचा, एवढे नीट जमले तर शिबिर उत्तम झाले असे मी म्हणेन. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे सूर कोठे आहे हे बोट नव्हे, कान ठरवतो, आणि तो कान तयार होण्यास हेच वय चांगले. म्हणूनच शेवटच्या दिवशी कार्यक्रमात अमुक गाणे वाजवून दाखवण्याचे आश्वासन देणाऱ्या शिबिरांविषयी मला शंका वाटते. त्या गाण्यापायी मुले वाकडी बोटे आणि आवळलेला खांदा घेऊन घरी येतात, आणि ती सवय मोडायला पुढे वर्ष जाते. चौकशीला जाल तेव्हा एका शिक्षकामागे किती मुले आहेत आणि पालकांना आत बसू देतात का, हे आधी विचारावे. पंचवीस मुलांना एकच शिक्षक असेल तर मी नको म्हणेन.

आता वाद्याविषयी. येथे मी स्वतः चूक केलेली आहे. माझा मुलगा सात वर्षांचा असताना, कपडे घेतो तसे वाढत्या अंगाचे म्हणून, दुकानदाराच्या सांगण्यावरून मी त्याला पाऊण मापाचे व्हायोलिन घेतले. त्याचा डावा हात पूर्ण ताणला जाई, खांदा दुखे, आणि दोन महिन्यांत त्याने वाद्याला हात लावणे सोडले. तो कंटाळा नव्हता, वेदना होती, हे मला फार उशिरा समजले. व्हायोलिन मुलाच्या आजच्या हाताच्या मापाचेच हवे. मुलीला वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात पुढे करायला सांगावे. कोपर किंचित वाकलेले असताना वाद्याचे वळलेले टोक तिच्या तळव्यात सहज मावले पाहिजे. तिच्या वयाला बहुधा एक-अष्टमांश किंवा पाव माप लागेल. पाव म्हणजे पूर्ण वाद्याचा चौथा हिस्सा नव्हे. पूर्ण मापाच्या वाद्याचा मान सोडून उरलेला पोकळ लाकडी भाग सुमारे 36 सेंटिमीटर लांब असतो आणि पाव मापाचा सुमारे 28. दीड-दोन वर्षांत माप बदलावेच लागते, म्हणून पहिले वाद्य भाड्याने किंवा एखाद्या मोठ्या झालेल्या विद्यार्थ्याकडून घ्यावे, आणि तेही शिक्षकांनी हात पाहिल्यानंतरच.

शिबिर हिंदुस्थानी पद्धतीचे की पाश्चात्त्य, हेही पाहून घ्यावे. आपल्याकडे मांडी घालून बसतात, वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवतात आणि तारा षड्ज-पंचमात, म्हणजे सा आणि प या सुरांत, मिळवतात. पाश्चात्त्य पद्धतीत उभे राहून वाजवतात आणि तारा जी, डी, ए, ई या ठरलेल्या सुरांत लावतात. मी दोन्ही शिकले आहे आणि दोन्हींवर माझे प्रेम आहे, परंतु पहिल्या वर्षी त्यांची सरमिसळ करू नये. हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिनवादक गजानन जोशी किंवा डी. के. दातार यांचे वादन घरात लावून पाहावे, तसेच चार तंतुवाद्यांची एखादी पाश्चात्त्य चौकडीही ऐकवावी. मुलगी कोणत्या आवाजापाशी रेंगाळते हे आपल्याला आपोआप कळेल.

शाळा सुरू झाल्यावर रोज दहा मिनिटे आणि आठवड्यातून एक तास, एवढी सोय होणार असेल तरच शिबिराचे पैसे भरावेत. जूनमध्ये खंड पडला तर गजाची पकड दिवाळीपर्यंत पार विसरली जाते, हे मी दरवर्षी पाहते. मे महिन्यात वाद्य बंद गाडीत कधीही ठेवू नये, कारण उन्हात गजाला लावायची राळ वितळते आणि सांध्यांचा सरस सुटतो. पाऊस लागला की लाकूड फुगून तारा पिळायच्या खुंट्या घट्ट बसतात. त्या वेळी घरी जोर लावू नये, वाद्य शिक्षकांकडे न्यावे.